हात लावू नये

चाचांना ‘कसे आहात?’ विचारलं की ते हवेतला ओलावा सांगायचे. “अठ्ठेचाळीस टक्के. बरं हाय.” ऑगस्टात दुबईत रास अल खोरला नुसतं दार उघडलं तरी चष्म्यावर धुकं धरतं, तेव्हा त्यांचा चेहरा घरात कुणी आजारी असल्यासारखा व्हायचा. “पासष्टवर गेलाय मेला. जेवण जात नाय.” माणसाला तब्येत विचारली तर त्यानं स्वतःची सांगावी, एवढी साधी रीत. पण चाचांना स्वतःची अशी वेगळी तब्येत नव्हतीच. गोदामातल्या बंदुकांना बरं असेल तर त्यांना बरं असायचं.

बंदुका म्हटल्यावर दचकू नका. रास अल खोरमध्ये माझं सुतारकामाचं वर्कशॉप आहे. दारं, कपाटं, ऑफिसची पार्टिशनं आणि इथल्या लोकांच्या मजलिसचं, म्हणजे पाहुण्यांना बसवायच्या दिवाणखान्याचं लाकूडकाम आम्ही करतो. शेजारच्या गोदामात एका अमिराती घराण्याचा जुन्या लष्करी रायफलींचा संग्रह होता. साठेक नग. सगळ्या निकामी केलेल्या, सगळ्यांचे कागद सरकारदरबारी नीट. लढाया संपल्यावर फौजांनी उरलेला माल म्हणून विकायला काढलेल्या, पेट्या भरभरून गलबतांतून या किनाऱ्याला लागलेल्या. बऱ्याचशा थ्री-नॉट-थ्री, काही त्यांच्याहून म्हाताऱ्या. त्या सांभाळायला चाचा होते. मालकांना ते ‘अरबाब’ म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणतो.

चाचा रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. वडील खलाशी. हे मात्र समुद्राला भिणारे, म्हणून आधी तिकडे पोलिसांच्या हत्यारखान्यात नोकरी केली आणि मग कुणाच्या तरी ओळखीनं दुबईत आले. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. गावच्या घरात भावाचं कुटुंब. एकदा सुट्टीवरून परत आले ते आठवडाभर गप्पच. शेवटी माझ्या ऑफिसात डबा उघडून म्हणाले, “माझी एक खोली हाय तिथं. भावानं रंगवली. गुलाबी. सागाचं दार होतं आजोबाचं, त्यावर पण ऑइलपेंट फासला. वर मला विचारतो, भाईजान, कसं वाटतंय?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, छान हाय. काय म्हणू? प्रेमानं केलं त्यानं.”

हे वाक्य तेव्हा मी हसून सोडून दिलं होतं.

ते रोज दुपारी जेवायला माझ्याकडे यायचे. गोदामात डबा न्यायचा नाही हा त्यांचाच नियम. माशाच्या कालवणाचा हात आणि त्या हाताचं मीठ लोखंडाला लागलं तर? जेवून झालं की तीनदा साबणानं हात धुवायचे, वास घेऊन बघायचे आणि मग हातमोजे चढवायचे. पांढऱ्या सुती हातमोज्यांचे सहा जोड त्यांच्या दारासमोर दोरीवर वाळत असायचे. माझे कामगार त्यांना चाचांची कबुतरं म्हणायचे.

हात पाठीमागे बांधून चालायची त्यांना सवय होती. गोदामात ते समजू शकतं, पण मॉलमध्येही तसंच. एकदा आम्ही त्यांना अल मनखूलला आमच्या घरी जेवायला बोलावलं. माझ्या बायकोनं हौसेनं नवा शोकेस दाखवला, तर हे चार फुटांवर हात मागे बांधून उभे. बायकोला वाटलं आवडलं नाही. मी म्हटलं, अगं, हा त्यांचा नमस्कार आहे.

आमची ओळख झाली तीही बंदुकीवरूनच. इथल्या लग्नांत पुरुष रांगेनं नाचतात, हातात रायफल घेऊन ती गरागरा फिरवतात, उंच उडवून झेलतात. अरबाबांच्या पुतण्याचं लग्न होतं आणि त्याला या संग्रहातल्या खऱ्या बंदुका नाचायला हव्या होत्या. वर त्यांना चकचकीत क्रोम करून आणायचीही तयारी. चाचा सरळ नाही कसं म्हणणार? ते बिस्किटाच्या पुठ्ठ्यावर चित्र काढून माझ्याकडे आले. “मिस्त्री, लाकडाच्या बारा करून दे. वजन सारखं पायजे. उडवल्या तर कळता नये.” मी वर्कशॉपचा मालक, खाली वीस माणसं, पण त्यांनी पहिल्या दिवसापासून मला मिस्त्रीच म्हटलं. मी सागवानाच्या बारा बंदुका केल्या, इतक्या देखण्या की माझाच जीव जडला. चाचांनी त्या हात मागे बांधून बघितल्या आणि म्हणाले, “फार छान झाल्यात रे. जरा वाईट कर.”

“म्हणजे?”

“इतकं गुळगुळीत कुठं असतं काय? जरा मार, आपट. वापरलेली दिसू दे.”

मला राग आला होता. सुताराच्या पोराला काम वाईट कर म्हणायचं म्हणजे काय. पण त्यांच्यासाठी दोन दिवस बंदुका जमिनीवर आपटल्या.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान तेवढंच होतं. जसं आहे तसं. लोखंडावरचा जुना काळपटपणा घासून काढायचा नाही, लाकडावरची चीर बुजवायची नाही, स्क्रूच्या खाचेतला मळसुद्धा टोकरायचा नाही. नवा गंज तेवढा थांबवायचा, वर्षातून एकदा लाकडाला अळशीच्या तेलाचा हात फिरवायचा, आणि बाकी वाट बघायची. ते तेल एका ठरावीक दुकानातनं आणायचे आणि प्रत्येक वेळी मला ऐकवायचे, “चाळीस दिरहमची बाटली. म्हणजे नऊशे रुपये रे. मी स्वतः डोक्याला लावत नाय.” एक पेटी फौजेच्या मूळ ग्रीसमध्ये आणि मेणकागदात तशीच बंद होती. आत चार रायफली असाव्यात. ती त्यांनी कधी उघडली नाही. मी म्हटलं, चाचा, एकदा बघायची तरी इच्छा होत नाही? म्हणाले, “होते ना. पण इच्छा माझी हाय, पेटी माझी नाय.”

बंदुकीचं त्यांना कौतुक मात्र नव्हतं. गोळी झाडायच्या गोष्टी निघाल्या की ते उठून जायचे. हत्यारखान्यात इतकी वर्षं काढली, पण सरावापलीकडे कधी खटका ओढला नाही असं सांगायचे. “वस्तू वाईटच. पण वाईट वस्तूचं पण खरं वय असतं. ते पुसायचा आपल्याला हक्क नाय.”

दाढीला त्यांनी कधी कलप लावला नाही. पुढचा एक दात पडला होता, तो बसवला नाही. मी चेष्टा करायचो, चाचा, तुम्ही पण ओरिजनल कंडिशन. ते हसायचे, आणि हसले की ती खिंड दिसायची.

प्रत्येक बंदुकीला दोऱ्यानं बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी असायची. नंबर, कुठून आली, लाकूड कुठलं, काय बदललंय, काय बदललेलं नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर इंग्लिशमधली यादी होती, पण चाचांच्या चिठ्ठ्या मराठीत. शाळेत गिरवलेल्या वळणदार अक्षरात. शेवटची ओळ कायम एकच, ‘हात लावू नये’. मी विचारलं, इथं मराठी वाचणार कोण? तर म्हणाले, “तू हायस की. आणि खोटं लिहायला मला परकी भाषा लागते. आपल्या भाषेत लिहिलं की हात खरंच लिहितो.”

त्या साठांत एक रायफल सगळ्यांची आई होती. अरबाबांच्या आजोबांची. फौजेच्या विक्रीतून आलेली, पण नंतर चाळीस वर्षं वाळवंटात एका माणसाच्या खांद्यावर राहिलेली. तिच्या दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकतो त्या लाकडी भागावर, एका बाजूला फौजेचा गोल शिक्का होता. त्याच्या खाली आजोबांनी सुरीनं कोरलेली खूण. त्यांच्या उंटांवर डागायचे तीच. शेजारी पाच बारीक खाचा. कशाच्या ते कुणाला माहीत नव्हतं. आणि वरच्या कडेला एक काळसर, मऊ जागा. चाचांनी मला ती जागा दाखवली तेव्हा आवाज खाली आणला होता. “इथं गाल टेकायचा बुढ्ढा. दाढीला ऊद लावायचा. वास घे. लांबनं घे.” मी वाकलो. खरंच, जुन्या लाकडाच्या आत कुठंतरी उदाचा वास होता, थोडा धुराचाही. दर ईदला अरबाब गोदामात यायचे, काही न बोलता तो दस्ता नाकाशी धरायचे आणि परत ठेवायचे. एवढ्या श्रीमंत माणसाला आजोबांचा एक फोटोसुद्धा नव्हता. हा वास होता.

दसऱ्याचं आता सांगायला हवं.

आमचे आबा सुतार. कोल्हापूरकडे छोट्या गावात त्यांचं दुकान होतं. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. रंधे, पटाशा, करवती, गिरमिट, सगळं आदल्या दिवशी घासूनपुसून असं लखलखीत करायचं की तोंड दिसलं पाहिजे. मुठींना नवं पॉलिश. एखाद्या पटाशीवर गंजाचा ठिपका दिसला तर आबा जेवत नसत. देवापुढे मळकं ठेवायचं नाही, बस्स. दुबईत आलो तरी मी हे सोडलं नाही. वर्कशॉपच्या मधोमध टेबल मांडायचं, हळदकुंकू, झेंडू, पेढे. सगळ्या देशांचे कामगार रांगेनं उभे. चाचा दरवर्षी पेढा खायला यायचे. आदल्या वर्षी पेढा तोंडात टाकून म्हणाले, “मज्जा हाय तुझ्या हत्यारांची. वर्षातनं एकदा तरी कुणी विचारतं. माझ्या पोरींना कोण विचारतो?”

गमतीत म्हणाले होते. मी ते मनात धरून ठेवलं.

त्या वर्षी चाचांच्या डोक्यावर एक टांगती तलवार होती. साठी कधीच उलटून गेलेली, व्हिसा दर खेपेला अरबाबांच्या शब्दावर चाललेला. अरबाबांचे मुलगे म्हणत होते, गोदाम रिकामं करा, हे सामान विका. त्यातून एक वाट निघाली होती. एका संग्रहालयाच्या बाई संग्रह बघायला येणार होत्या. त्यांना मूळ अवस्थेतल्याच वस्तू हव्या होत्या आणि मुख्य आकर्षण होतं ती आजोबांची रायफल. ती पसंत पडली तर सगळा संग्रह एका छताखाली जाणार आणि राखणदार म्हणून चाचाही बरोबर जाणार, असं अरबाबांनी कबूल केलं होतं. चाचा जेवताना पहिल्यांदाच हवेबद्दल न बोलता स्वतःबद्दल बोलले. “मला गावाला नाय जायचं रे मिस्त्री. त्या गुलाबी खोलीत मी काय करू? मला ह्यांच्याजवळ राहू दे, बाकी काय नको.”

नेमका तेव्हा त्यांच्या गोदामाचा एसी बंद पडला. ऑक्टोबरचा उकाडा होताच. लोखंड गोदामातच कुलपात राहिलं, पण त्या रायफलीचं लाकूड त्यांनी सोडवून माझ्याकडे आणलं. माझ्या व्हेनियरच्या, म्हणजे लाकडी पापुद्र्यांच्या खोलीत ओलावा चोवीस तास बांधलेला असतो. दस्ता त्यांनी मऊ कापडाच्या झोळीत टांगला, चिठ्ठी तपासली, आणि भाचीकडे मोहम्मद बिन झायद सिटीला चार दिवस गेले. तिला बाळ झालं होतं. जाताना मला म्हणाले, “पोरगी तुझ्याकडे ठेवतोय.”

आणि मी काय केलं?

दुसऱ्या दिवशी खंडेनवमीची तयारी सुरू झाली. टेबलावर आबांचा रंधा ठेवला आणि मला चाचांचं बोलणं आठवलं. म्हटलं, यंदा त्यांची पोरगीही बसू दे पाटावर. बाई बघायला येणार आहेत, तर मुलगी कशी दिसली पाहिजे? लग्नाच्या त्या बारा बंदुका सोडल्या तर पंधरा वर्षांत मी स्वतःच्या हातानं काम केलं नव्हतं. नुसती कोटेशनं आणि फोन. त्या दिवशी बाह्या सरसावल्या. चिठ्ठी सोडून खिशात ठेवली. ‘हात लावू नये’ वाचलं, नाही असं नाही. पण ते कामगारांसाठी, मला थोडंच, असं वाटलं. मालक झालेल्या माणसाला सगळ्या पाट्या दुसऱ्यांसाठी लावल्यात असंच वाटतं.

ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर, मग एकशेवीस, मग तीनशेवीस. मळ निघाला तसं खालचं अक्रोडाचं लाकूड उजळत गेलं. सुरीची ती खूण मला दिसत होती. ओरखडाच तो, म्हटलं साफ करू. मग आबांच्या पद्धतीचं चपडा लाखेचं पॉलिश, चंद्रस घालून, कापसाच्या बोळ्यानं एकावर एक हात. दोन दिवस. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर पॉलिश ते. कामगार बघायला गोळा झाले होते.

मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. सगळं माहीत होतं. सहा वर्षं रोज दुपारी ऐकत होतो. माझ्या कानांना ठाऊक होतं, हातांना नव्हतं. हात आबांचे होते.

चाचा दसऱ्याच्या दिवशी आले. मी त्यांना डोळे मिटायला लावलं, काय हा पोरकटपणा, आणि टेबलासमोर नेलं. रंध्याच्या आणि करवतीच्या मधे दस्ता ठेवलेला. वर हळदकुंकवाचं बोट, बाजूला झेंडूचं फूल. ट्यूबलाइट त्यात उमटली होती.

त्यांनी हात मागे बांधले. मग विचारलं, “किती नंबरचा कागद घेतलास?”

मी नंबर सांगितले.

“आणि भुकटी?”

“झाडली की चाचा. साफ केलं सगळं.”

त्यांनी मान हलवली. स्टुलावर बसले. मी पेढा दिला तो त्यांनी खाल्ला, पूर्ण खाल्ला. मग म्हणाले, “मेहनत घेतलीस.” दस्ता कापडात गुंडाळून ते निघून गेले, आणि त्यांनी हातमोजे घातले नव्हते हे माझ्या लक्षात आलं.

घरी जाऊन बायकोला सांगत होतो, तर पोरगी मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, “बट बाबा, दॅट वॉज हिज ग्रँडफादर्स मार्क. यू इरेझ्ड इट.” मी तिच्यावर ओरडलो. तेरा वर्षांच्या पोरीला जे एका वाक्यात कळलं त्यावर दुसरं काय करणार.

तीन दिवसांनी बाई आल्या. त्याच वेळी मला अरबाबांनी बोलावलं होतं. त्यांच्या नव्या घराच्या मजलिसचं काम मला मिळालं होतं आणि लाकडाचे नमुने दाखवायचे होते. मी गोदामाच्या दारात उभा होतो, बगलेत नमुने, हातात टेप. बाईंनी टॉर्च आणि भिंग काढलं. बाकीच्या रायफली बघताना त्या खूश दिसत होत्या. मग आजोबांची घेतली. भिंग दस्त्यावरून एकदा फिरलं, दोनदा फिरलं. त्या फक्त एक शब्द बोलल्या, “रीफिनिश्ड.” नंतर अदबीनं पुष्कळ बोलल्या. अशा रायफली खूप ठिकाणी असतात, हिची गोष्ट लाकडावर होती, कळवतो, वगैरे. त्यांनी कळवलं नाही.

बाई गेल्यावर अरबाबांनी दस्ता उचलला आणि नाकाशी धरला. धरला तसाच थोडा वेळ राहिला. मग खाली घेतला.

“यह कौन किया?”

चाचांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी हातातल्या टेपची पट्टी बाहेर काढली आणि आत सोडली. ती खट् आवाज करून आत गेली. मला बोलायचं होतं असं मी स्वतःला नंतर फार वेळा सांगितलंय. खरं ते असं की मला मजलिस दिसत होती. चार महिन्यांचं काम, वीस माणसं, आणि माझं नाव.

“मैं किया अरबाब,” चाचा म्हणाले. “साफ करने गया, गलती हो गया.”

अरबाब वाईट माणूस नव्हते. आवाजही चढवला नाही. “इतना साल तुम सबको बोला, हाथ मत लगाओ,” एवढं म्हणाले, आणि मग, “खलास.”

दुसऱ्या दिवशी चाचा जेवायला आले, नेहमीसारखे. मी म्हटलं, “चाचा, मी आत्ता जाऊन सांगतो.” बूटसुद्धा घातले होते मी. ते कालवणात भात कालवत म्हणाले, “बस खाली. तुझ्याकडं वीस माणसं हायत. माझ्याकडं साठ बंदुका, त्यांना पगार लागत नाय.” मी बसलो. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटत असेल तर त्या बसण्याची. त्यांनी एकदा बस म्हटलं आणि मी लगेच बसलो.

महिन्याभरात त्यांचा व्हिसा संपला. मी एअरपोर्टवर गेलो नाही, साइटवर अर्जंट काम आहे म्हणून कळवलं. मजलिस फार सुरेख झाली. आलेगेले अजून कौतुक करतात.

गावाहून त्यांचा फोन यायचा, ईदला आणि दसऱ्याला. ‘कसे आहात’ विचारलं की, “इथं काय विचारतोस, नव्वद टक्के. खाडी हाय. मी पण गंजलो.” मग हसायचे. मग हळूच, “पोरी बऱ्या हायत ना रे?” मी म्हणायचो, बऱ्या आहेत चाचा. गोदामाला कुलूप होतं, मला काय ठाऊक असणार? मी दरवर्षी कोल्हापूरला जात होतो. तिथून घाट उतरला की चार-पाच तासांत त्यांचं गाव. दरवर्षी ठरवायचो, आणि दरवर्षी लग्न, मुंज, बँक, काहीतरी निघायचं. काही निघायचं नाही खरं तर. त्या गुलाबी खोलीत त्यांच्यासमोर बसायची माझ्यात हिंमत नव्हती. तिसऱ्या वर्षी भाचीचा फोन आला, चाचा गेले म्हणून. त्यांच्या रीतीनं तिला म्हटलं, इन्ना लिल्लाही.

यंदाच्या हिवाळ्यात अरबाबांनी निरोप पाठवला. आता थकलेत. मुलांचं ऐकून बंदुका विकायच्या नाहीत असं त्यांनी ठरवलं होतं. घरातच एक खोली करायची, कपाटं मी करायची. आणि एक काम आणखी. “वो कार्ड,” ते म्हणाले, “उसका लिखा हुआ. इधर कोई नहीं पढ़ता. तुम पढ़ो, मेरे को बोलो, इंग्लिश में लिखो.”

तीन दिवस मी गोदामात बसून चाचांच्या चिठ्ठ्या वाचल्या. अरबाब समोर खुर्चीत, मधे गहव्याची, म्हणजे इथल्या कॉफीची किटली. ‘बोल्ट दुसरीचा आहे. लग्न लागलेलं नाही, नुसते एकत्र राहतात.’ अरबाब हसले. ‘नळीवर गंज. जुना आहे, वाढत नाही, राहू द्या.’ ‘ग्रीसमध्ये बंद. कधी उघडली नाही. मी पण बघितली नाही.’ ‘हिनं कुणाला मारलं असेल तर अल्ला माफ करो. लाकूड अक्रोडाचं.’ अरबाबांनी डोळे पुसले. प्रत्येकीखाली ‘हात लावू नये’, आणि प्रत्येक वेळी मी ते वाचून दाखवलं. मला चाचा शेजारी बसल्यासारखं वाटत होतं, आणि शेवटची चिठ्ठी कुठली असणार हेही माहीत होतं.

ती जुनी चिठ्ठी नव्हती. जुनी माझ्या खिशातून कुठं गेली देव जाणे. जायच्या आधी त्यांनी नवी लिहून बांधली होती. मी आधी मनात वाचली.

‘दस्ता. अक्रोड. फौजेचा शिक्का, सुरीची खूण, पाच खाचा आणि गालाची जागा आता नाही. शेजाऱ्यानं खंडेनवमीला घासून पॉलिश केलं. प्रेमानं केलं. काम उत्तम आहे. चूक माझी, चिठ्ठी मोठ्या अक्षरात लिहायला हवी होती. हात लावू नये.’

सगळ्या दुबईत, निदान त्या गोदामात, ही चिठ्ठी वाचू शकणारा मी एकटा. अरबाब वाट बघत होते. मी काहीही वाचलं असतं तरी चाललं असतं. ‘राखणदाराकडून पॉलिश झालं’ म्हणालो असतो तर तेच त्यांना आधीपासून ठाऊक होतं. मग मी एकेक शब्द हिंदीत वाचला. शेजारी शब्दाशी थांबलो आणि छातीवर बोट ठेवलं. “मैं, अरबाब.”

आणि जे चिठ्ठीत नव्हतं तेही सांगितलं. त्या दिवशी मी दारात उभा होतो, हातात टेप होती, मजलिसचं काम जाईल म्हणून बोललो नाही. सगळं.

अरबाबांनी किटली बाजूला सारली.

“वो बोला, मैं किया,” ते म्हणाले.

“हां अरबाब.”

“और मैं बोला, खलास.”

“हां.”

चाचांच्या हातून खोटं लिहिलेली ही एकच चिठ्ठी. ‘चूक माझी’ हे दोन शब्द मला खोडायचे होते. पेनाचं टोपणही काढलं होतं मी. पण खालची ओळ समोरच होती, आणि या खेपेला ती मलाच लिहिलेली होती. मी टोपण परत लावलं.

अरबाब उठले, दस्ता हळूच उचलला आणि ईदला धरायचे तसा नाकाशी धरला. डोळे मिटून आत ओढलेला श्वास त्यांनी बराच वेळ सोडला नाही. मग तो माझ्यापुढे केला. मी हात मागे बांधले आणि वाकलो. उदाचा वास कुठंच नव्हता. इतक्या वर्षांनीसुद्धा त्याला माझ्या पॉलिशचाच वास येत होता.